माद्रिदची वीज गेली तेव्हा

आमच्या घोडेगावात वीज गेली तर कुणी दचकत नाही. पण २८ एप्रिल २०२५ रोजी जवळजवळ साऱ्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली. तिथे दुपारचे साडेबारा, आपल्याकडे चार. माझा भाचा माद्रिदला नोकरीला. त्याचा फोन लागेना. आपा रात्रभर जानमाजवरून उठली नाही.

सकाळी त्याचा आवाज आला. मेट्रो बंद, सिग्नल बंद. दोन तास चालत तो घरी पोचला. वाटेत एका दुकानदाराने सेलवरचा रेडिओ बाहेर ठेवलेला आणि भोवती ही गर्दी! "मामू, आपल्या जनावरांच्या बाजारातल्या चहाच्या टपरीसारखं," तो म्हणाला.

शेजारच्या म्हातारीशी तो तीन वर्षांत प्रथमच बोलला. "रात्री येईल का वीज?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "ओखाला!" हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आलेला. मूळ अर्थ, अल्लाची मर्जी असेल तर. इथे आपाच्या ओठांवरही रात्रभर तेच होतं, इन्शाअल्ला.

वीज आली, फोन लागला. आता मी दर वेळी त्याला एकच विचारतो, "त्या म्हातारीशी बोलतोस ना रे?"