सुकटीचे शेंगोळे

हल्ली पोरी मोबाईलवर मेक्सिकन पद्धतीचा झणझणीत झिंगा पास्ता बघतात. पास्ता म्हणजे गव्हाच्या पिठाच्या वाळवलेल्या नळ्या. त्यात कोळंबी, मिरची, टोमॅटो, लसूण. ताजी कोळंबी जालन्यात कुठून आणायची? पण वाळलेली छोटी कोळंबी, म्हणजे आपली सुकट, आठवडी बाजारात मिळते. मेक्सिकोतही वाळलेल्या झिंग्यांचं तिखट सूप करतात. मिरची तर मूळची तिकडचीच. सुमारे 500 वर्षांपूर्वी ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, आणि आज आपल्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा मोठा बाजार भरतो!

नळ्या विकत कशाला आणायच्या? आपण हुलग्याचे शेंगोळे वळतोच. त्यातच सुकट घालू.

दोन मुठी सुकट निवडून कोरडी भाजा, चोळून पाखडा, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. इथं आळस नको. वाळू कचकचली की पोरं परत हात लावत नाहीत. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळा आणि शेंगोळे वळा. तेलात लसूण, कांदा, मिरची, दोन टोमॅटो परता, सुकट टाका, पाणी ओता. खळखळ उकळी आली की शेंगोळे सोडा. वीसेक मिनिटांत शिजतात. वरून लिंबू पिळा. हुलग्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

चांगल्या वाळलेल्या सुकटीचं साधारण निम्मं वजन प्रथिनांचं असतं. कवचासकट खातो म्हणून कॅल्शियमही मिळतं. 100 ग्रॅम हुलग्यात 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अन् आपल्याकडे सुकट आधी कोणाच्या ताटात जाते? बाईच्या वाट्याला रस्सा. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, पातेलं उतरवलं की आधीच सगळ्यांच्या वाट्या भरायच्या, आपलीही. सुकट तळाला बसते, तेव्हा पळी खालपर्यंत घालायची.

बीपी असेल तर खारवलेली सुकट टाळा. झिंगे खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर त्यांनी हे खाऊच नये. माळकरी घरात सुकटीऐवजी शेंगदाण्याचं कूट घाला.