घरमालकाचे लायसन्स
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटे दिली आहेत. "काका, जुन्या आठवणी सांगा," म्हणाले. टँकरचे पाणी, बंद लिफ्ट आणि पहिल्या जनरल बॉडीतले भांडण तुम्हा सर्वांना पाठ आहे. म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर, आणि थोडे स्वतःविरुद्ध बोलतो.

25 वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा सगळेच मालक होते. आज खालच्या बोर्डावरची नावे आणि दारावरची नावे जुळत नाहीत. मुले परगावी, परदेशी गेली, फ्लॅट भाड्याने गेले. माझाही बी विंगमधला दुसरा फ्लॅट, निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, भाड्यानेच आहे. मी 6 वर्षे खजिनदार होतो. नवा भाडेकरू आला की आम्ही काय काय मागायचो! आधार, पॅन, नोकरीचे पत्र, पोलीस स्टेशनला दिलेल्या माहितीची प्रत, रजिस्टर झालेला करार. एकटा मुलगा किंवा मुलगी असेल तर आणखी चार प्रश्न. आणि मालकाला काय विचारायचो? "नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरले का?" झाली चौकशी!

2019 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लंडनला कन्येकडे गेलो होतो. ती तेव्हा ईस्ट हॅम भागात भाड्याच्या घरात राहायची. हा भाग न्यूहॅम कौन्सिलच्या हद्दीत येतो. एका सकाळी बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र घातलेला गॅसचा तंत्रज्ञ दारात. घरमालकाने पाठवला होता. त्याने बॉयलर तपासला, कागद भरला आणि गेला. मी जावयांना म्हटले, "तुमचा घरमालक फार सज्जन दिसतो." ते हसले. "बाबा, सज्जन असेल नाहीतर नसेल, त्याला हे करावंच लागतं. शिवाय त्याचं लायसन्स आहे."

बँकेत 35 वर्षे काढलेला माणूस मी. लायसन्स म्हटले की कान टवकारतात. दुकानाचे लायसन्स पाहिल्याशिवाय मी कधी कॅश क्रेडिटच्या प्रकरणावर सही केली नाही. पण घर भाड्याने द्यायला लायसन्स? मग जावयांना बसवून सगळे विचारून घेतले.

इंग्लंडमध्ये 2004 चा हाउसिंग ॲक्ट आहे. पाच किंवा जास्त माणसे, एका कुटुंबातली नसून, स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामायिक वापरून राहत असतील, तर अशा घरासाठी मालकाला कौन्सिलचे लायसन्स घ्यावेच लागते. याशिवाय एखाद्या भागात भाड्याच्या घरांची अवस्था वाईट असेल, तर कौन्सिल त्या भागातल्या सर्वसाधारण भाड्याच्या घरांनाही लायसन्स लागू करू शकते. एका वेळी जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी. न्यूहॅमने 1 जानेवारी 2013 पासून ते जवळजवळ आपल्या पूर्ण हद्दीत लागू केले. इंग्लंडमध्ये असे करणारी ती पहिली कौन्सिल. कारणही तसेच होते. एकेका खोलीत दाटीवाटीने माणसे कोंबायची, परसातल्या शेडमध्येसुद्धा कुटुंब ठेवून भाडे घ्यायचे, असे प्रकार तिथे चालत.

लायसन्स देताना मालक त्यासाठी योग्य माणूस आहे का, हे कौन्सिल पाहते. मग अटी येतात. घरात गॅस असेल तर दरवर्षी तपासणीचा दाखला, राहत्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म, विजेची उपकरणे सुरक्षित, भाडेकरूला अटी लेखी. लायसन्सधारकांची नोंदवही कोणालाही पाहता येते. लायसन्स न घेता घर दिले तर, 2019 मध्ये, 2016 च्या कायद्याप्रमाणे, 30,000 पौंडांपर्यंत दंड, आणि 12 महिन्यांपर्यंतचे भाडे परत करण्याचा आदेशही होऊ शकत असे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर खासगी घरमालकांची सरसकट नोंदणीच आहे.

सगळे तिथे खूश आहेत असे नाही हं. मालक म्हणतात, फी शेवटी भाड्यातूनच वसूल होते. सरळ माणूस रांगेत उभा राहून लायसन्स घेतो आणि लबाड लपून राहतो. यात तथ्य आहे. तपासायला माणसे नसतील तर लायसन्स म्हणजे नुसता भिंतीवरचा कागद. बँकेत असे कागद मीही पुष्कळ पाहिले.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या बी विंगच्या फ्लॅटमध्ये, न्हाणीघरात, जुना गॅस गीझर होता. आदल्या हिवाळ्यात भाडेकरू सांगून गेले होते, "काका, मिसेसना आंघोळीला गेल्यावर गरगरतं." मी म्हणालो होतो, "खिडकी उघडी ठेवत जा." आणि विसरलो. बंद न्हाणीघरात त्या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणसे बसल्या जागी जातात, हे वर्तमानपत्रात मी वाचलेले होते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. त्या ताई म्हणाल्या, "काका, आम्ही तेव्हापासून तो लावतच नाही. शेगडीवर पाणी तापवतो." मी विचारले, "मग परत सांगितलं का नाही?" थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "करार रिन्यू व्हायचा होता ना."

मंडळी, घरात लहान मूल असताना ती माऊली सहा महिने उकळते पाणी पातेल्याने न्हाणीघरात नेत होती. का, तर मी करार वाढवणार नाही या भीतीने. आणि मी स्वतःला चांगला घरमालक समजत होतो! पुतण्याला पाठवून त्याच आठवड्यात विजेचा गीझर बसवला. खर्च एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी आला.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर हवा, ती जबाबदारी मालकाची. चांगली गोष्ट आहे. पण करार रजिस्टर करताना गीझर कोणी बघत नाही. 'लीव्ह अँड लायसन्स'मध्ये लायसन्स भाडेकरूला मिळते. तिथे ते मालकाला घ्यावे लागते. भाडेकरू तोंड उघडायला घाबरतो, तेव्हा त्याच्या वतीने विचारणारा कोणीतरी असावा, एवढाच त्याचा अर्थ मला कळला.

सोसायटी काही कौन्सिल नाही. दंड करायचा अधिकार आपल्याला नाही आणि नकोही. पण भाडेकरूच्या कागदांबरोबर मालकाचाही एक कागद फाइलला लागायला काय हरकत आहे? गीझर कोणता, गॅसची नळी कधी बदलली, वायरिंग कोणी आणि केव्हा तपासले, गळती आहे का, आणि अडचण आल्यास मालकाचा कोणता फोन उचलला जाईल. खाली मालकाची सही. सक्ती नाही, स्वखुशीने.

माझ्या फ्लॅटचा असा कागद भरून मी आणला आहे. आता सेक्रेटरींच्या हाती देतो. फाइलमध्ये तो एकटा राहू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.