रोहिणीचे पाणी आणि आपले घर

(आंबागड येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज या गडाच्या पायथ्याशी मी आपणांपुढे पंडित म्हणून नव्हे, तर एक वाचक म्हणून उभा आहे. परमपूज्य बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचून माझ्या मनावर काय परिणाम झाला, तेवढेच मला सांगावयाचे आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या महानिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. भदन्त आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवाद १९६१ साली व मराठी अनुवाद १९७० साली निघाला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांपैकी केवळ मराठी वाचणाऱ्यांना या ग्रंथासाठी तेरा-चौदा वर्षे वाट पाहावी लागली. असा ग्रंथ वस्त्रात गुंडाळून तसबिरीपुढे ठेवावा, हे मला पटत नाही. तो उघडला पाहिजे.

सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून, असे आपण ऐकत आलो. बाबासाहेब विचारतात की, एकोणतीस वर्षांच्या मनुष्याने तोपर्यंत ही नित्याची दृश्ये पाहिलीच नव्हती, हे बुद्धीला कसे पटावे? मला वाटले, आपल्या वस्तीतील पाच वर्षांच्या मुलालाही व्याधी व मरण ठाऊक असते. त्याला बुद्धाजवळ नेणारी वाट दुसरीच असली पाहिजे.

ती वाट ग्रंथाच्या पहिल्याच खंडात आहे. शाक्य व कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. तिचे पाणी आधी कोणी घ्यावयाचे, यावरून दोहोंत मारामारी झाली. धान पिकविणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. तरी पाऊस ओढ देतो, बोडीचे पाणी तळाला जाते, आणि वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी केव्हा सोडावयाचे, यावरून सख्खे भाऊ एकमेकांवर धावून जातात.

शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. दोन माणसे आपली, दोन त्यांची व त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशांनी चौकशी करून तंटा मिटवावा, ही त्याची सूचना. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. याच भंडाऱ्यात १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचाही पराभव झाला होता. मते कमी पडली म्हणून न्याय्य गोष्ट अन्याय्य होत नाही, हे ती पाने वाचताना मनावर ठसते.

पुढे सेनापती धमकी देतो की, सैन्यात आला नाहीस तर तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालू, जमीन जप्त करू. ‘बहिष्कार’ हा शब्द वाचून मी थांबलो. मेलेली ढोरे ओढण्याचे व गावकीचे काम आपल्या लोकांनी सोडले, तेव्हा कित्येक गावांत त्यांची मजुरी बंद झाली, दुकान बंद झाले. कुटुंबाला झळ लागू नये म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या घेऊन देश सोडण्याची शिक्षा स्वतःवर घेतली. आपल्या वाडवडिलांना असा मार्ग मोकळा नव्हता. त्यांच्या नकाराची झळ चुलीपर्यंत व पाळण्यातल्या लेकरापर्यंत पोहोचली. आयाबायांनी उपाशी राहून तो नकार टिकविला. त्यांचे स्थान या कथेत कोठे, असा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला.

उत्तर यशोधरेच्या प्रसंगात मिळाले. या ग्रंथातील सिद्धार्थ मध्यरात्री निजलेल्या पत्नीला सोडून जात नाही. तो तिला सर्व सांगतो. ती त्याचा निर्णय योग्य ठरविते आणि सासूसासऱ्यांचा व राहुलचा भार स्वतः उचलते. तो निर्णय तिचाही आहे. भगिनींनो, ही पाने आपली आहेत. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. घरच्या पुरुषांनी सांगितले तेवढ्यावरच राहू नका.

शाक्य-कोलीयांचा समेट झाल्याची वार्ता सिद्धार्थाला पुढे राजगृहात कळली. तरीही तो परतला नाही. एक युद्ध टळले, पण माणसामाणसांतील, वर्गावर्गांतील कलह चालूच आहे, आणि त्याचे मूळ शोधले पाहिजे, हे त्याने ओळखले. आपणही धर्मांतराने सारे साधले असे मानून थांबता कामा नये.

प्रास्ताविकात बाबासाहेबांनी काही प्रश्न मांडून त्यांच्या उत्तरांत वाचकांनी भर घालावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. ती अपेक्षा आपल्याकडूनही आहे. म्हणून माझी विनंती आहे की, प्रत्येक पौर्णिमेस घरातील सर्वांनी एकत्र बसून एक प्रकरण मोठ्याने वाचावे व प्रत्येकाने, लहान मुलानेसुद्धा, एक प्रश्न विचारावा. आणि बांधीच्या पाण्यावरून तंटा उद्भवला, तर काठी उचलण्यापूर्वी दोन, दोन व पाचवा, हा हिशेब आठवावा.

जय भीम!