पालापाचोळा आणि शाळेचे आवार



वसमतच्या शेतांत हळद खणण्यापूर्वी पाला कापतात. तो बांधावर पेटविला, तर जमिनीचे अन्नच धुरात जाते. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी अशाच टाकाऊ पाल्याचे शेण, माती, राख व पाणी यांच्या योगे सुमारे ९० दिवसांत खत करून दाखविले; त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. काम सारे सूक्ष्म जंतूंचे. त्यांना हवा हवी, म्हणून ढीग तीनदा उलथावयाचा. हवा कोंडली की दुर्गंधी सुटते. शाळेच्या आवारात ढीग रचून आत लोखंडी सळई खुपसावी. आठवड्याने शिक्षकाने ती बाहेर काढावी व मुलांनी जपून हात लावावा. ती तापलेली असते. या धड्यास फळा लागत नाही! प्लास्टिक मात्र या जंतूंना पचत नाही. ते आधीच वेचून काढावे.