साक्षीदार किती?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मुले पळविणारी टोळी आली आहे, एवढीच काय ती वार्ता! त्या सुमारास देशभर मोबाइलवरून फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. मूल परत आणून देण्याचा शेवटचा भाग तेवढा कापलेला होता. प्रत्यक्ष पाहिले म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. पण पाहिले ते कोठले, केव्हाचे, हे कितीजणांनी विचारले?

वार्ता दहा जणांकडून कळली म्हणजे तिला दहा साक्षीदार मिळाले, हा तर्क सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु दहाही जणांनी ती एकाच ठिकाणाहून उचलली असेल, तर साक्षीदार एकच. आणि तोही अज्ञात. ‘सावध राहिलेले काय वाईट?’ असे कोणी म्हणेल. मग सावधपणे पोलीस ठाण्यातच विचारावे: मूल हरवल्याची नोंद आहे काय? कोणत्या गावचे? केव्हाची? आमच्या कार्यालयाच्या पत्रकालाही हीच कसोटी लावावी. त्यावरील दिनांक व क्रमांक आधी पाहावा, मजकूर नंतर.