गांवाचें आरोग्य घराच्या उंबरठ्यावर

(गोंडपिपरी येथें ज्युबिली-उत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



उत्सवाच्या प्रसंगीं गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडण्याची आपल्यांत रीत आहे. किती वर्षें लोटलीं, कोणत्या इमारती उभ्या राहिल्या, किती मुलें शिकून मार्गाला लागलीं, हें सर्व आपण आनंदानें सांगतों व ऐकतों. परंतु प्रत्येक गांवाचा आणखी एक हिशेब असतो, आणि तो कोणी आवर्जून मांडीत नाहीं. जीं बाळें जन्मलीं आणि नांव ठेवण्यापूर्वींच गेलीं, त्यांचा तो हिशेब होय. ज्याला नांव मिळालें नाहीं त्याची आठवण काढावयाची तरी कोणत्या नांवानें? आई चार दिवस रडते, शेजारीपाजारी ‘नशिबांत नव्हतें’ म्हणून तिची समजूत घालतात, आणि शेताचीं कामें पुन्हां सुरू होतात. आपण मला आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली आहे. व्यायाम, आहार, स्वच्छता या सर्वांवर बोलतां आलें असतें. परंतु ज्या गोष्टीवर गांवांतील सर्वांत लहान जीवाचा प्राण अवलंबून आहे, तिच्याविषयींच बोलावें असें मीं ठरविलें आहे.

आपला तालुका वर्धा व वैनगंगा या दोन नद्यांच्या मध्यें वसलेला आहे. पुढें त्यांचा संगम होऊन प्राणहिता वाहूं लागते. धानाची शेती, मोहाचीं फुलें, तेंदूपान व जंगल यांवर येथील माणूस जगतो. जिल्ह्याचें मोठें रुग्णालय चंद्रपुरास आहे. पावसाळ्यांत नाले भरले, कीं आंतल्या वस्तीवरून गोंडपिपरी गांठणें हेंच मोठें दिव्य होतें. तेथें चंद्रपुराची गोष्ट दूरच राहिली. अशा ठिकाणीं आरोग्य म्हणजे केवळ डॉक्टर आणि इमारत, असें आपण मानीत बसलों, तर ज्या रात्रीं डॉक्टर भेटणार नाहीं त्या रात्रीं आपल्या हातीं कांहींच उरत नाहीं.

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या अगदीं शेजारींच शोधलें गेलें आहे. वैनगंगेच्या पलीकडचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. तेंच जंगल, तेंच धान, तेच ताप. १९८६ सालीं डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या पतिपत्नींनीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. दोघेंहि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलीं. पुढें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत त्यांनीं सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें. दवाखाना कसा असावा हें त्यांनीं लोकांनाच विचारलें. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची आम्हांस भीति वाटते, आणि रोग्याजवळ नातलगांस राहूं देत नाहींत. म्हणून शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी पाड्यासारखा, झोंपड्यांचा बांधला गेला, व त्याला दंतेश्वरी देवीचें नांव दिलें गेलें. ज्यांच्यासाठीं औषध, त्यांच्याच मतानें त्याचें घर, ही गोष्ट लहान दिसते. पण पुढील सर्व कार्याची ती किल्ली आहे.

प्रथम दिसून आलें तें हें, कीं गांवांतील पुष्कळसें दुखणें बाहेर येतच नाहीं. डॉ. राणी बंग यांनीं दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारींत ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरांतील ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यासाठीं पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. म्हणजे रोवणीला वांकलेल्या, मोळी आणणाऱ्या, चुलीपुढें बसलेल्या स्त्रिया दुखणें अंगावर काढीत होत्या, आणि घरांतल्या माणसांस त्याचा पत्ताहि नव्हता.

जी गोष्ट आईची, तीच बाळाची. १९९५-९६ सालीं या संस्थेनें ३९ गांवांतील ७६३ नवजात बाळांची, जन्मापासून २८ दिवस, घरोघरीं जाऊन पाहणी केली. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक बाळांस औषधपाण्याची गरज पडली. पण डॉक्टरनें पाहिलेलीं बाळें शंभरांत तीनहि नव्हतीं. त्या काळीं बहुतेक बाळंतपणें घरींच होत. बाळ निळें पडलें, आखडलें, दूध ओढीनासें झालें, तर तें बाहेरबाधेचें लक्षण समजत आणि दार अधिकच घट्ट लावून घेत. आजार घरांत, मृत्यु घरांत, आणि उपचार मात्र पन्नास कोसांवर! तेव्हां उपचारानेंच घरीं यावें, हा विचार सुचला.

प्रत्येक गांवांतून एक स्त्री निवडली गेली. ती त्याच गांवची, पांचवी ते दहावीपर्यंत शिकलेली. तिला ‘आरोग्यदूत’ हें नांव दिलें. बाळ जन्मल्यावर न रडल्यास त्याच्या तोंडावर मास्क धरून श्वास कसा द्यावा. ताण-काट्यानें त्याचें वजन कसें करावें. कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवींत कसें ठेवावें. आईला अंगावर पाजण्यास कसें बसवावें. आणि रक्तांत जंतुदोष पसरला, ज्यास डॉक्टर सेप्सिस म्हणतात, तर तो ओळखून आईबापांच्या संमतीनें इंजेक्शन कसें द्यावें, हें सर्व तिला शिकविलें गेलें. याच्याहि आधीं, ज्यांना आंकडे मोजतां येत नसत अशा सुईणींसाठीं एक साधन तयार केलें होतें. त्यांत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांची ओळ. बाळाचे दहा श्वास झाले, कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वींच तांबडा मणी आला, तर न्यूमोनिया समजावयाचा. शहाणपण आणि अक्षरज्ञान हीं एकच नव्हेत, हें त्या मण्यांनीं सिद्ध केलें.

‘अर्धशिक्षित बाईच्या हातीं सुई देणें म्हणजे खेळ आहे काय?’ असा आक्षेप आपल्यापैकीं कोणाच्याहि मनांत येईल, आणि तो रास्त आहे. त्याचें उत्तर आंकड्यांनींच दिलें पाहिजे. सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकीं पूर्वीं १६ ते १७ दगावत. आरोग्यदूतांनीं उपचार सुरू केल्यावर तें प्रमाण ३ च्याहि खालीं आलें. त्या ३९ गांवांत हजार बाळांमागें पहिल्या २८ दिवसांत ६२ बाळें जात असत. तिसऱ्या वर्षीं ती संख्या २५ वर आली. ज्या शेजारच्या गांवांत हें कार्य नव्हतें, तेथें मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ जैसें थें राहिलें. खर्च बाळामागें सुमारें सव्वापांच डॉलर. हा निष्कर्ष ४ डिसेंबर १९९९ रोजीं ‘लॅन्सेट’ मध्यें छापला गेला, आणि वैनगंगेकांठच्या खेड्यांतील स्त्रियांचें काम जगानें पाहिलें.

आतां काळ बदलला आहे. २००५ सालीं सरकारनें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलें व गांवोगांव आशाताई आल्या. २०११ सालीं घरीं जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचें काम देशभर त्यांच्याकडे सोंपविलें गेलें. बहुतेक बाळंतपणेंहि दवाखान्यांत होतात, आणि तीं तेथेंच व्हावींत. पण म्हणून घराची जबाबदारी संपली असें नव्हे. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरीं परतते, आणि उरलेले दिवस बाळ आपल्याच छपराखालीं असतें. यासाठींच आशाताईनें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं घरीं यावें, असा नियम आहे. बाळ घरींच जन्मलें असेल, तर पहिल्या दिवशींहि. ती उंबरठ्यावर आली असतां ‘विटाळ आहे, मग या’ म्हणून तिला परत पाठविणें म्हणजे बाळाच्या वैद्याला परत पाठविणें होय. कोणाला शेजारी म्हणावें, या प्रश्नाचें उत्तर आपण या ठिकाणीं अनेकदा ऐकलें आहे; तो शेजारी कधीं कधीं वजन-काटा खांद्याला लावून चिखलांतून चालत येतो.

मातांनो, आणि विशेषेंकरून सासूबाईंनो, आपणांस कांहीं साध्या गोष्टी सांगतों. पहिल्या दिवसांचें पिवळसर घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतों, तें नासकें समजून टाकूं नका. तीच बाळाची पहिली लस आहे. जन्मल्यावर तासाभराच्या आंत बाळाला अंगावर घ्या. मध, साखरपाणी, घुटी यांपैकीं कांहींहि सहा महिने देऊं नका. पहिल्या दिवशीं बाळाला न्हाऊं घालूं नका. त्याचें वजन अडीच किलोंहून कमी असेल, तर आशाताई सांगेपर्यंत थांबा. त्याला कोरडें ठेवा, टोपडें घाला आणि आईच्या छातीशीं उघड्या अंगानें धरा. बाजेखालच्या शेगडीच्या धुरापेक्षां आईची ऊब अधिक चांगली. नाळेवर राख, हळद, तेल लावूं नका. आणि बाळंतिणीला पोटभर जेवूं घाला; नुसत्या भातावर व लसणाच्या फोडणीवर तिला दिवस काढावयास लावून दूध कोठून येणार?

धोक्याच्या खुणा ध्यानांत ठेवा. दूध ओढणारें बाळ ओढीनासें झालें; रडणें क्षीण झालें; हातपाय ढिले पडले; अंग गार लागूं लागलें किंवा तापलें; छाती आंत ओढली जाऊं लागली; मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होऊं लागले; पोट फुगलें व ओकारी होऊं लागली; नाळेंत पू झाला. यांपैकीं एकहि खूण दिसली, तर सकाळची वाट पाहूं नका. आशाताईला हांक मारा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवा, आणि वाटेंत बाळाला छातीशींच ठेवा. अंगारा लावावयाचा असेल तर तो गाडींत बसून लावा. त्यासाठीं गाडी मात्र थांबवूं नका.

बाळाचें वजन जन्मल्यावर नव्हे, तर नऊ महिने आधींच ठरूं लागतें. गरोदर स्त्रीला हिंवताप झाला तर बाळ खुरटतें. म्हणून जंगलाकांठच्या घरांत पहिली मच्छरदाणी तिची. तिनें खर्रा खाल्ला तर बाळ कमी वजनाचें होतें; आणि आपल्याकडे खर्रा पुरुषांपुरता राहिलेला नाहीं, हें आपण सर्व जाणतों. सिकल सेलचा वाहक असलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. पण आई व बाप दोघेंहि वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणीं बाळाला तो रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून सोयरीक जुळवितांना देण्याघेण्याची बोलणी करण्याआधीं दोघांच्या रक्ताची तपासणी करून घ्या.

शेवटीं पुरुषांस एक गोष्ट सांगावयाची आहे. घरांत पैसा कोणत्या कामीं लावावयाचा हें बहुधा आपण ठरवितों. गडचिरोलींत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ सालीं दारूबंदी झाली. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. कायदा येतो, जातो. पण तेंदूपानाच्या हंगामाची मजुरी हातीं पडल्यावर ती गुत्त्याकडे जाते कीं गरोदर पत्नीच्या ताटाकडे, याचा निवाडा दर वर्षीं आपणच करतों. रात्रीं बाळ आजारी पडलें असतां ‘घरधनी आल्यावर विचारूं’ असें म्हणून स्त्रिया बसून राहतात, आणि तेवढ्यांत वेळ निघून जाते. आजच घरीं गेल्यावर सर्वांसमक्ष एवढें सांगून ठेवा, कीं बाळाला दवाखान्यांत नेण्यास माझ्या परवानगीची गरज नाहीं. याला एक पैसाहि लागत नाहीं, आणि एखाद्या औषधाइतकाच त्याचा गुण येतो.

सभाजनहो, या उत्सवाची आठवण म्हणून आपण प्रत्येक वस्तींत एक वही ठेवावी, अशी माझी विनंति आहे. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची त्यांत पहिल्याच दिवशीं नोंद व्हावी. नांव ठेवलें नसेल, तर आईच्या नांवानें. त्याचें वजन, आशाताईच्या भेटी, आणि दुर्दैवानें तें गेलें तर कशानें गेलें, हें निर्भयपणें लिहावें. सर्चच्या कार्याचा आरंभहि जन्म व मृत्यु यांच्या अशाच काळजीपूर्वक नोंदींनीं झाला होता. ज्याची नोंद होते त्याची चौकशी होते, आणि ज्याची चौकशी होते तें टाळण्याचा मार्गहि सांपडतो. पुढील उत्सवाच्या वेळीं इमारतींचा हिशेब वाचला जाईल तेव्हां ही वहीहि उघडली जावो, आणि तिच्यांतील गेलेल्या बाळांचीं पानें वर्षानुवर्ष कमी होत जावोत, एवढीच माझी इच्छा आहे.