नित्याची मातृ-पितृसेवा

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

एखादा धार्मिक न्यास ५० वर्षांचा होतो, तेव्हा गौरव इमारतीचा आणि हिशेबाच्या वह्यांचा होतो. परंतु वस्तुतः तो एका पिढीचा असतो. ज्यांनी दुकान सांभाळून, घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, चातुर्मासाची विनंती घेऊन गावोगावी गेले आणि स्थानकातील सतरंज्या स्वहस्ते झटकल्या, ते कोणाचे तरी आई-वडील होते. त्यांच्यापैकी अनेकजण आज हयात नाहीत. जे आहेत, ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि या सभागृहात बहुधा भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसलेले आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करावयाचे, तर प्रथम एका प्रश्नाला सामोरे जावे लागेल. आई-वडिलांच्या वाट्याला मुलांचे सण येतात की दिवस येतात ?

हा प्रश्न नव्या काळाचा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु पर्युषणाच्या आठ दिवसांत स्थानकांतून ज्या अंतगड सूत्राचे वाचन होते, त्या आगमातच तो विचारला गेला आहे. देवकीमातेचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. तिचे सहा पुत्र तिच्यापासून दूर, सुलसेच्या घरी वाढले आणि पुढे भगवान अरिष्टनेमींच्या संघात साधू झाले. ते गोचरीसाठी तिच्याच दारी आले, तरी तिने त्यांना ओळखले नाही. भगवंतांकडून सत्य कळल्यावर ती घरी परतते आणि शोकाकुल होते. सात पुत्रांना जन्म देऊनही एकाचेही बालपण आपल्या मांडीवर खेळले नाही, हे तिचे दुःख आहे. त्या दुःखातच ती आणखी एक गोष्ट मनाशी बोलते : हा कृष्णदेखील सहा-सहा महिन्यांनी पायवंदनासाठी आपल्याकडे येतो.

या एका वाक्याकडे ऐकणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते. त्रिखंडाचा अधिपती असलेला, सर्व वैभव आईच्या चरणी ठेवू शकणारा पुत्र. आणि तरीही आईच्या मनातील नोंद काय, तर तो सहा महिन्यांनी येतो! वैभवाची गणती तिने केली नाही, भेटींची केली.

पुढील भाग तितकाच बोधप्रद आहे. कृष्ण वंदनासाठी येतात तेव्हा आईचा चेहरा त्यांच्या दृष्टीतून सुटत नाही. एरव्ही मला पाहून आनंदित होणारी माता आज खिन्न का, असे ते विचारतात आणि तिचे सर्व बोलणे ऐकून घेतात. ते दागदागिने आणवीत नाहीत की दासींना आज्ञा करून निघून जात नाहीत. पौषधशाळेत जाऊन ते तेला, म्हणजे तीन दिवसांचा उपवास, करतात. त्यानंतर देवकीच्या पोटी गजसुकुमालांचा जन्म होतो आणि तिला बालकाचे लाड करण्याचे सुख प्रथमच लाभते. आईचे दुःख दूर करण्यासाठी राजाला स्वतःच्या देहाने काहीतरी करावे लागले, हे या कथेचे मर्म होय.

तद्वतच कल्पसूत्रातील भगवान महावीरांचे चरित्र पाहावे. श्वेतांबर परंपरेनुसार, आपल्या हालचालीने मातेस त्रास होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल राहिले. परंतु त्या स्तब्धतेनेच त्रिशलामाता व्याकुळ झाली. तिचा शोक जाणून त्यांनी किंचित हालचाल केली आणि आई-वडील हयात असेपर्यंत गृहत्याग करावयाचा नाही, असा अभिग्रह धारण केला. माता-पित्यांचे देहावसान झाले तेव्हा ते २८ वर्षांचे होते. वडीलबंधू नंदिवर्धन यांच्या आग्रहाखातर आणखी दोन वर्षे घरी राहून ३० व्या वर्षी त्यांनी दीक्षा घेतली. जगाचा संसार तोडावयास निघालेल्या पुरुषाने प्रथम घराचे मन सांभाळले. यात आणखी एक सूक्ष्म शिकवण आहे. पुत्राने मातेच्या सुखासाठी जे केले, तेच तिला दुःखदायक ठरले. आई-वडिलांना काय हवे आहे, हे दूर राहून ठरविता येत नाही; त्यासाठी त्यांच्या मनाचा कानोसा घ्यावा लागतो.

आपल्या सणांचा पायादेखील कुटुंबाच्या सुखदुःखातच आहे. दीपावली हा भगवंतांच्या निर्वाणाचा दिवस. त्यानंतर नंदिवर्धन शोकाने अन्न घेईनात, तेव्हा बहीण सुदर्शनेने त्यांना आपल्या घरी बोलावून जेवू घातले आणि त्यांचे सांत्वन केले. तीच भाऊबीज, असे परंपरा सांगते. ज्या सणाला आज ओवाळणीच्या पाकिटाचे रूप आले आहे, त्याच्या मुळाशी दुःखी भावाच्या ताटात वाढलेला घास आहे.

येथे एखाद्या चिकित्सक मनात शंका उद्भवेल. आई-वडिलांजवळ राहणे हाच धर्म असेल, तर ज्यांनी बालवयात घर सोडले त्या महापुरुषांचे काय ? याचे उत्तर दूर शोधण्याची आवश्यकता नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात आहे. इ. स. १९०० मध्ये चिचोंडी (शिराळ) या लहानशा गावी देवीचंदजी व हुलसाबाई गुगळे यांच्या पोटी नेमिचंद यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, १९१३ साली, त्याच तालुक्यातील मिरी येथे त्यांनी पूज्य रत्नऋषीजी महाराजांकडे दीक्षा घेतली. तेच पुढे श्रमण संघाचे द्वितीय आचार्य आनंदऋषीजी महाराज म्हणून सर्व भारतास वंदनीय झाले.

त्यांच्या चरित्राचे गुणगान करताना हुलसाबाईंचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो. परंतु घरच्यांच्या अनुज्ञेवाचून दीक्षा न देण्याची आपली परंपरा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एका होकाराचे वजन कळते. तेरा वर्षांचा मुलगा म्हणजे आजचा सातवी-आठवीतील विद्यार्थी. त्या दिवसापासून तो एका घराचा राहणार नव्हता. मुलगा आचार्य होईल, त्याच्या प्रेरणेने पाथर्डीसारख्या गावी धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहील, त्याच्या नावाने नगरमध्ये रुग्णालय चालेल आणि २००२ साली भारतीय टपाल खाते त्याच्यावर तिकीट काढील, यातील काहीही तेव्हा दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त रिकामे होणारे अंथरूण. २८ मार्च १९९२ रोजी नगर येथे आचार्यश्रींचे महानिर्वाण झाले. आज आनंदधाम येथे नतमस्तक होणाऱ्या प्रत्येकाने खेड्यातील त्या मातेचेही ऋण मानले पाहिजे.

ठाणांग सूत्रात तीन ऋणे फेडण्यास दुष्कर सांगितली आहेत : माता-पित्यांचे, आधार देणाऱ्या पोशिंद्याचे आणि धर्माचार्यांचे. पुत्राने आई-वडिलांना शतपाक-सहस्रपाक तेलाने मर्दन केले, सुगंधी जलाने स्नान घातले, अलंकार घातले, अठरा प्रकारची व्यंजने खाऊ घातली आणि जन्मभर पाठीवर वाहून नेले, तरी त्यांचे ऋण फिटत नाही. त्यांना धर्ममार्गात स्थिर करण्यास साहाय्य केले, तरच ते फिटते, असा त्याचा आशय आहे. आनंदऋषीजींनी हे ऋण या मार्गाने फेडले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ते घर सोडून गेले, पण आईला अपेक्षित असलेल्या कामासाठी गेले. म्हणून जवळ वा दूर असणे हा गौण मुद्दा आहे. जाणाऱ्याने कशासाठी जावे आणि मागे राहिलेल्यांच्या मनाची काय व्यवस्था करावी, हा खरा मुद्दा होय.

आता जिल्ह्यातील आजच्या घरांकडे पाहावे. शेवगाव, जामखेड, कर्जत, राहुरी अशा गावांतील व्यापारी घरांची रचना पूर्वी पुढे दुकान व मागे घर अशी असे. गादीवर बसलेला मुलगा दिवसातून दहा वेळा आत जाई आणि वडील काठी टेकीत दहा वेळा बाहेर येत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमामुळे सर्व घर एका पंगतीला बसे. चौविहार हा आरोग्याचा व अहिंसेचा नियम खराच. पण तो घरातील सर्वांना रोज एकत्र आणणारा नियमही होता. पुढे मुले शिकली, पुण्यास, बंगळूरुला, परदेशी गेली. त्यांनी आई-वडिलांच्या इच्छेनेच ही प्रगती केली. तीबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या वाड्यात बारा ताटे लागत, तेथे आता दोन लागतात, हेही तितकेच खरे.

दुरावा केवळ अंतराने येतो असेही नाही. लग्नाचा बस्ता बांधताना कापड दुकानात जे नित्य दिसते, ते विचार करण्याजोगे आहे. नवरी-नवरदेवाचे कपडे होतात, मानपानाच्या साड्या होतात, मामा-मावशीचे आहेर होतात, आणि सर्वांत शेवटी, गठ्ठे बांधावयास घेतल्यावर, आईच्या साडीची आठवण होते. तीही म्हणते, "मला कशाला ? कपाटात नव्या पडून आहेत." घाईत असलेली मुले ते खरे मानतात. वडील तर कापडाला हातही न लावता, बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळीत बसलेले असतात. एकाच छताखाली राहणारी ही मुले आहेत, प्रेमळही आहेत; मात्र आईच्या 'नको'चा अर्थ विचारण्याइतकी उसंत त्यांच्यापाशी नाही.

शासनाने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. उपेक्षित माता-पित्यांना न्यायाधिकरणापुढे जाऊन दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागण्याची त्यात तरतूद आहे. ज्यांना अन्नवस्त्राची भ्रांत आहे, त्यांच्यासाठी हा कायदा आवश्यकच होय. पण कोणतेही न्यायाधिकरण मुलाला आईजवळ बसण्याची आज्ञा देऊन ती आज्ञा मनापासून पाळवून घेऊ शकत नाही. ते कार्य धर्माचे आहे.

सुदैवाने धर्माने त्याचे मापही देऊन ठेवले आहे. एका सामायिकाचा काळ दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटांचा. सूर्योदयानंतर नवकारसीचा काळही ४८ मिनिटांचाच. ज्यांचे आई-वडील घरी आहेत, त्यांनी दिवसातून एक सामायिक त्यांच्या शेजारी बसून करावे. वृद्धांना डोळ्यांनी वाचवत नसेल, तर स्तोत्र वा आगमाचे पान त्यांना वाचून दाखवावे. ठाणांगात सांगितलेली ऋणमुक्ती अशा साध्या रीतीनेही सुरू होऊ शकते. जे दूर राहतात, त्यांनी ठरलेल्या वेळी दूरध्वनी करून आपले सांगण्यापूर्वी त्यांचे ऐकावे. जुन्या गोष्टी ते पुन्हा सांगतील. त्या पुन्हा ऐकाव्यात. कृष्णाला आईची खिन्नता उमगली, कारण तिचा प्रसन्न चेहरा त्याच्या स्मरणात होता. ते स्मरण नित्याच्या सहवासातूनच साठते.

संवत्सरीच्या दिवशी एका बोटाने शेकडो जणांना क्षमापनेचा संदेश जातो. त्या यादीत सर्व व्यापारी, स्नेही, परिचित असतात. ज्यांच्याशी वर्षभर उंच आवाजात बोलणे झाले, ते आई-वडील त्यात नसतात, कारण ते घरचेच! येत्या संवत्सरीस पहिले 'मिच्छामि दुक्कडम्' त्यांच्यापाशी जाऊन, हात जोडून म्हणावे. वडीलधाऱ्यांनीही, मुलांवर लादलेल्या अपेक्षांबद्दल, त्याच नम्रतेने क्षमा मागावी. क्षमेत वयाचा मान आड येत नाही.

या न्यासाने ५० वर्षांत धर्माची वास्तू उभी केली. तिच्या छायेतील प्रत्येक घरी रोज ४८ मिनिटे आई-वडिलांची होवोत, ही या सुवर्णमहोत्सवाची खरी देणगी ठरेल. जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र !